एंडोकार्डियम: आजारामुळे नाव मिळालेलं अस्तर

हृदय ज्या पिशवीत असतं तिचं 'पेरिकार्डियम' हे नाव प्राचीन ग्रीकांपासून चालत आलंय. 'पेरी' म्हणजे भोवती, 'कार्डिया' म्हणजे हृदय. आतल्या अस्तराचं 'एंडोकार्डियम' हे नावही तितकंच जुनं वाटतं, कारण 'एंडॉन' म्हणजे आत. पण ते बरंच अलीकडचं आहे. पॅरिसचा डॉक्टर ज्याँ-बातिस्त बुयो याने १८३५ च्या हृदयरोगांवरच्या ग्रंथातून ते रूढ केलं.

जाता जाता: ग्रीक वैद्य जठराच्या वरच्या तोंडालाही 'कार्डिया'च म्हणत. त्यामुळे एंडोस्कोपीच्या रिपोर्टात हा शब्द दिसला तर दचकू नका, तो पोटाबद्दल असतो.

बुयोच्या आधी हे अस्तर कुणाला दिसलंच नव्हतं असं नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशाने १८०१ मध्ये शरीराची ऊतींनुसार विभागणी केली, तेव्हा डाव्या बाजूचं अस्तर लाल रक्ताच्या नळ्यांत आणि उजव्या बाजूचं काळ्या रक्ताच्या नळ्यांत धरलं. रचनेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, कारण रक्तवाहिनीचा सर्वांत आतला थर सलगपणे हृदयात येतो. फ्रेंच डॉक्टर कॉर्विसारने १८०६ मध्ये झडपांवरच्या चामखिळीसारख्या गाठींचं वर्णन केलं, पण त्याला त्या गुप्तरोगाच्या वाटल्या. या अस्तराला स्वतःचा दाह होतो, हे बुयोने ठासून मांडलं आणि अस्तर व दाह दोघांना एकदमच नावं दिली: एंडोकार्ड आणि एंडोकार्डाइट. सांधे सुजवणाऱ्या तापात हृदयही सापडतं, हे त्याचं निरीक्षण आजही टिकून आहे. उपचार मात्र भयंकर होता: एकामागून एक रक्त काढणं.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर बोकडाचं हृदय पुरतं. खाटकाकडे 'दिल' मागा. 'कलेजी' म्हणालात तर यकृत मिळेल. वरचे कप्पे बहुधा छाटलेले असतात, म्हणून अख्खं द्या असं आधीच सांगावं. डाव्या वरच्या कप्प्यापासून खाली टोकापर्यंत बाहेरच्या कडेने काप घ्या आणि गुठळ्या हलक्या धारेखाली धुवा. आतला भाग ओला असतानाच चकाकतो. वाळला की मांस आणि अस्तर यांतला फरक कळत नाही. डाव्या वरच्या कप्प्यात अस्तर सर्वांत जाड, पांढुरकं असतं, तिथेच पातळ चिमट्याने ते थोडं सोलून बघावं. खालच्या कप्प्यात तो प्रयत्न केला तर मांसाचे धागेच हाती येतात. तिथे तिरप्या उजेडात बघितलं तर अस्तराखाली फिकट, चपटे धागे पसरलेले दिसू शकतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्येने १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयात नोंदवले ते हेच. ते विजेचा संदेश वाहतात हे जपानी डॉक्टर तवाराने १९०६ मध्ये दाखवलं.

लालसर डाग दिसला की लगेच दाह म्हणू नये. मृत्यूनंतर रक्तपेशी फुटतात आणि त्यांचा रंग अस्तरात मुरतो. गुठळीचंही तसंच: मेल्यावर झालेली गुठळी अलगद उचलली जाते, आजारातली गाठ झडपेला घट्ट चिकटलेली आणि ठिसूळ असते.

झडप म्हणजे मुळात याच अस्तराची घडी, मध्ये तंतूंचा गाभा. अस्तराच्या पेशींचा एकपदरी थर शाबूत असेपर्यंत रक्त तिथे गोठत नाही. गळक्या झडपेतून जोराचा झोत गेला की तो थर खरवडतो, त्यावर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) आणि फायब्रिन (गुठळीचे धागे) बसतात आणि रक्तातून जाणारे जंतू तिथे ठाण मांडतात, म्हणजेच अस्तराला जंतुसंसर्ग होतो. गाठी बहुधा कमी दाबाच्या बाजूला धरतात: मायट्रल झडपेवर (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) वरच्या कप्प्याच्या बाजूला, एऑर्टिक झडपेवर (महाधमनीच्या तोंडाशी असलेली) खालच्या कप्प्याच्या. गाठीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी आत पोचत नाहीत आणि अँटिबायोटिक सहसा चार ते सहा आठवडे द्यावं लागतं.

इथे सगळ्यात जास्त नडतं ते घाईने दिलेलं अँटिबायोटिक. झडपेचा आजार असलेल्या माणसाला ताप रेंगाळला, तर आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, हवी: वेगवेगळ्या जागी टोचून तीन संच, मोठ्या माणसात दर बाटलीला ८ ते १० मिली. दोन दिवस गोळ्या खाऊन झाल्यावर घेतलेलं कल्चर कोरं येऊ शकतं आणि मग कोणत्या जंतूशी लढायचं हेच कळत नाही.

आणखी एक गल्लत आपल्याकडे नेहमी होते. संधिवाताच्या तापानंतर (बुयोने पाहिलेला, सांधे सुजवणारा तो ताप) दर तीन आठवड्यांनी दिलं जाणारं १२ लाख युनिटचं पेनिसिलिन तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून असतं; दात काढताना अस्तराला होणाऱ्या जंतुसंसर्गापासून त्याने संरक्षण मिळत नाही. कृत्रिम झडप असलेल्यांना किंवा आधी हा संसर्ग होऊन गेलेल्यांना दाताच्या कामाआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम देतात. पण असा माणूस पेनिसिलिनच्या इंजेक्शनांवर असेल, तर दुसऱ्या गटातलं औषध निवडतात, कारण त्याच्या तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात. म्हणून इंजेक्शनचं कार्ड दंतवैद्याला आधीच दाखवावं.