कांकू दाई: अकरावा आठवडा, आणि वजनकाटा

अकरा आठवडे झाले कांकू दाई (शोतोकान कराटेतला एक काता, म्हणजे ठरलेल्या मूव्ह्जची मालिका) सुरू करून, 65 मूव्ह्जचा क्रम आता चुकत नाही. हेयान निदान आणि योंदान या आधी शिकलेल्या कातांचे तुकडे यात भेटत राहतात (खरं तर उलटं आहे, ओकिनावाचे जुने गुरू इतोसू, त्यांनीच कुशांकूमधून, म्हणजे याच काताच्या जुन्या रूपातून ते काढले) म्हणून क्रम पटकन बसतो, अडलंय ते स्टान्सवर.

कोकुत्सु-दाची या स्टान्समध्ये मागच्या पायावर साधारण 70 टक्के वजन हवं. सर दोन वर्षं सांगतायत "पुढचा पाय हलका ठेव रे", मी "हो सर" म्हणतो आणि पुन्हा पुढे झुकतो. शेवटी रविवारी घरातला वजनकाटा गच्चीवर नेला, पुढचा पाय काट्यावर, मागच्या पायाखाली तेवढ्याच उंचीचा आईचा पाट, शुतो उके (हाताच्या कडेने ब्लॉक) लावून थांबलो आणि धाकट्या बहिणीला आकडा वाचायला बसवलं, कारण आपण मान खाली घातली की वजन लगेच पुढे येतं. माझं वजन 60, म्हणजे पुढे 18 हवेत. "दादा, 27!" मग मागचा गुडघा बोटांच्या रेषेत बाहेर ढकलत गेलो, 24, 22, परत 25, आणि एकदाचे 19. मांडी नुसती पेटली होती, पण तो 19 कसा लागतो ते आता अंगाला माहितीये.

शितो-र्यू या दुसऱ्या कराटे शैलीतला मित्र आला होता, त्यांच्या कोसोकुन दाईत (त्यांच्याकडची कांकू दाई) शुतो नेको-आशीत, म्हणजे पुढचा पाय जेमतेम टेकवलेल्या स्टान्समध्ये, त्याचं वजन 70 आणि काट्यावर फक्त 8! आणि आपण शोतोकानवाले जिथे योको गेरी (बाजूची किक) मारतो तिथे शोरिन-र्यू शैलीवाले माए गेरी (समोरची किक) मारतात, बुंकाई करताना, म्हणजे मूव्ह जोडीदारावर लावून बघताना, मला तीच जास्त पटते. ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, अर्थात आपलीच.

बाकी प्रॅक्टिस तळजाई टेकडीवर, सकाळी साडेसहाला. पहिल्या मूव्हला हातांच्या त्रिकोणातून खरंच आभाळ दिसतं, शोतोकानचे संस्थापक फुनाकोशींनी कुशांकूचं नाव बदलून कांकू, म्हणजे 'आकाशाकडे पाहणं', का केलं ते हॉलच्या स्लॅबखाली कधी जाणवलंच नव्हतं. तिथेच दुसरी चूक सापडली. वळून एकदम खाली बसतो, दोन्ही हात जमिनीला, तिथून गेदान शुतोला (खालच्या पातळीवरच्या शुतोला) उठायचं, ते मला कायम उशिरा जमतं. पावसाने माती ओली होती, उठल्यावर बघितलं तर दोन्ही पंजे मनगटापर्यंत खोल रुतलेले, म्हणजे सगळा भार हातांवर, पाय रिकामे, मग उठणार कसं? चार दिवस फक्त तेवढाच तुकडा केला, रोज तीस वेळा. गुरुवारी मातीत नुसती बोटांची टोकं उमटली होती.