१.०२४वर थांबलेली पोर्टर

बिअरचं फर्मेंटेशन (यीस्टने साखरेचं अल्कोहोल करणं) मध्येच अडकलं की पहिला सल्ला मिळतो तो यीस्टचं नवं पाकीट ओतायचा. माझं ठाम मत आहे की त्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवावं: यीस्टला खाता येईल अशी साखर त्या बिअरमध्ये उरली आहे का? माझी पोर्टर (गडद रंगाची इंग्लिश बिअर) सुटली ती या प्रश्नाच्या मागे लागल्यामुळे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही लीड्सला राहतो. इथल्या बऱ्याच जुन्या घरांना तळघर असतं, आणि ब्रिटनमध्ये १९६३पासून घरी स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही. विकता मात्र येत नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे माहितीपुरतंच वाचावं.) नोव्हेंबरात पोर्टर लावली. मॅरिस ऑटर माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्ली), जोडीला ब्राऊन आणि चॉकलेट माल्ट, कडवटपणासाठी फगल्स हॉप्स, मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं) ६६ अंशांवर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर संपत जाते तशी ती उतरते) १.०५६. कोरडं इंग्लिश एल यीस्ट टाकल्यावर जोरात फेस आला. मग बाहेर कडाक्याची थंडी पडली, तळघर १३ अंशांवर उतरलं आणि एअरलॉक (झाकणावरची, वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी नळी) गप्प झाला.

एअरलॉकवर मी विसंबत नाही. झाकण किंचित सैल असलं तरी वायू तिथून निघून जातो आणि बुडबुडे दिसत नाहीत. खरं काय ते हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी दाखवणारी तरंगती काचेची नळी) सांगतो, तोही नीट वापरला तर. नमुना दोन पेल्यांत वर-खाली ओतून त्यातला वायू आधी घालवायचा. नाहीतर बुडबुडे काचेला चिकटून हायड्रोमीटर वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. साध्या पाण्यात २० अंशांना तो बरोबर १.००० दाखवत होता. बिअरमध्ये १.०२४. दोन दिवस थांबून पाहिलं, तरी १.०२४. ज्यांच्याकडे नुसता रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) आहे त्यांनी इथे विशेष जपावं. अल्कोहोलमुळे त्याचं वाचन चढं येतं, आणि व्यवस्थित पूर्ण झालेली, १.०१५ची बिअर तो १.०३०च्या आसपास दाखवू शकतो. दुरुस्तीचं गणित न करता कितीतरी जण चांगल्या बिअरवर उपचार करत बसतात!

आता मूळ प्रश्न. मॅश ७०-७२ अंशांवर झाला असेल, तर डेक्स्ट्रिन, म्हणजे यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा, जास्त तयार होतात. तशी बिअर १.०२४ला थांबली तर ती अडकलेली नसते, तिचं काम झालेलं असतं. तिच्यात कितीही यीस्ट ओता, फरक पडत नाही. माझा मॅश ६६चा होता, त्यामुळे संशय थंडीवर होता, पण नुसत्या संशयावर पुढे जायचं नव्हतं. एका स्वच्छ बरणीत थोडी बिअर काढली, त्यात त्याच यीस्टचं अर्धं पाकीट घातलं, तोंडावर फॉइल सैलसर लावलं. बरणी पंचविसेक अंशांत ठेवून येता-जाता हलवायची होती. एवढी ऊब घरात कुठेच नव्हती.

आई तेव्हा साताऱ्याहून आलेली होती. म्हणाली, "अरे, ओव्हनचा दिवा लावून आत ठेव की. इडलीचं पीठ तिथंच तर फुगतं तुमचं."

बरणी ओव्हनमध्ये गेली. तळाशी बसलेलं यीस्ट हळूहळू वर येऊ लागलं, कडेला बारीक फेसाची पांढरी रेघ धरली, आणि फॉइल उचललं की नाकाला झिणझिण्या येऊ लागल्या. सगळं शांत झाल्यावर मोजलं: १.०१५. म्हणजे नऊ अंकांची (०.००१चा एक अंक) साखर शिल्लक होती. तशीच बाटल्यांत भरली असती तर? ग्रॅव्हिटीचा एक अंक उतरताना लिटरमागे साधारण अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. नऊ अंकांचा झाला साडेचार लिटर, वर बाटलीत घालायच्या साखरेचा वेगळा. नेहमीच्या बिअरमध्ये तो अडीचच्या आसपास असतो. अशा बाटल्या फुटतात आणि काचा उडतात. आकडा स्थिर नसताना बाटल्या भरू नका, हे मी ज्याला त्याला सांगतो.

माल्टमधल्या साखरांपैकी यीस्ट माल्टोज आधी खातं आणि माल्टोट्रायोज शेवटी. त्या शेवटच्या टप्प्यात थंडी पडली की इंग्लिश यीस्ट गोळा होऊन तळाशी बसतं, ही त्याची जातच. म्हणून आधी फर्मेंटर (बिअरचं बंद भांडं) वर स्वयंपाकघरात आणला, २० अंशांवर येऊ दिला आणि झाकण न उघडता हलकेच गोल फिरवून गाळ उठवला. खळखळून हलवायचं नाही. या टप्प्यावर प्राणवायू आत गेला की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आकडा १.०२२वर आला आणि पुन्हा अडला.

मग स्टार्टर, म्हणजे आधीच कामाला लावलेल्या यीस्टचं विरजण, केला. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क उकळून गार केला, यीस्ट घातलं आणि बरणी परत ओव्हनमध्ये. कोरडं यीस्ट थेट चार टक्के अल्कोहोलमध्ये टाकलं तर बरंचसं तिथेच दम तोडतं. कामाला लागलेलं यीस्ट तगतं. त्याला सवय व्हावी म्हणून स्टार्टरमध्ये अडकलेली बिअर थोडी थोडी मिसळत गेलो, आणि फेस ऐन भरात असताना सगळं फर्मेंटरच्या कडेने, न उसळवता सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉक चालू! आई त्याच्यासमोर खुर्ची ओढून चहा पीत बसली होती.

आकडा १.०१५वर येऊन टिकला, म्हणजे अल्कोहोल साधारण ५.४ टक्के. एन्झाइम घालायचा सल्लाही मिळाला होता, तो मी मानला नाही. अमायलोग्लुकोसिडेज हे त्यासाठीचं एन्झाइम डेक्स्ट्रिनही तोडतं, आणि पोर्टरचा अंगचा दाटपणा जाऊन ती पाणचट लागते. तळघरात आता फर्मेंटरला थर्मोस्टॅटचा हीट बेल्ट असतो, १९ अंशांवर लावलेला.