हिरवे दिवे आणि अधांतरी चाकं

उत्तर ॲरिझोनात, फ्लॅगस्टाफच्या आसपास मी मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, दुरुस्तीची फिरती कामं करतो. अवजारं व्हॅनमध्ये टाकायची, कॅम्पग्राउंड गाठायचं, गाडी उभी असेल तिथेच काम करायचं. एप्रिलअखेरीच्या एका दुपारी फोन आला : स्लाइड अर्धवट बाहेर येऊन अडकलीय. स्लाइड म्हणजे मोटरहोमच्या भिंतीचा कपाटाच्या खणासारखा बाहेर सरकणारा भाग. सोफ्यासकट दोन-तीन फूट बाहेर गेला, की आत ऐसपैस हॉल होतो.

गाडी 34 फुटी, पेट्रोल इंजिनची. मालक म्हणजे कॅन्ससहून आलेलं निवृत्त जोडपं, गाडी नवीनच घेतलेली. गृहस्थ दारातूनच म्हणाले, "लेव्हलला दोष नाही हां. ऑटोचं बटण दाबलं, सगळे दिवे हिरवे. ओट्यावर पाणसळ ठेवलीय, बुडबुडा बरोब्बर मध्ये. या, बघा." ते बटण दाबलं की एक यंत्र गाडीखालचे जॅक आपोआप उतरवून गाडी समतल करतं.

आत शिरण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची माझी सवय. मागे गेलो तर जोडचाकांचे चारही टायर हवेत. खालून हात सहज आरपार जाईल एवढी फट.

बाई आत कांदा परतत होत्या. त्यांना गॅस बंद करून ताबडतोब बाहेर यायला सांगितलं. दोघांनाही वाटलं, मी फारच बाऊ करतोय.

या गाडीचा पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. गिअर 'पी'त टाकला तरी आतला खटकाही त्याच चाकांना अडवतो. पुढची चाकं मोकळीच. म्हणजे मागची उचलली गेली, की नऊ-दहा टनांचं घर फक्त जॅकच्या पायांवर उभं. आणि हे पाय कशावर? इथली जमीन ज्वालामुखीची. जवळचा सनसेट क्रेटर सुमारे 1085 साली फुटला; आजूबाजूला अशी कितीतरी जुनी तोंडं आहेत. त्यांचीच काळी-लाल भुसभुशीत खडी कॅम्पच्या जागांवर पसरतात. मागचा एक जॅक तिच्यात चांगलाच रुतला होता, कारण खाली फळी नव्हती. जागेचा उतार गाडीच्या मागच्या बाजूला. यंत्राला फक्त कल कळतो, चाक जमिनीवर आहे की नाही ते कळत नाही. कल जाईपर्यंत ते बिचारं मागची बाजू उचलत राहिलं.

स्लाइडचं कोडं त्यामानाने सोपं होतं. जॅकचा हायड्रॉलिक पंप आणि स्लाइडची मोटर, दोन्ही 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. आधी पंपाने बॅटरी बरीच उतरवली, मग स्लाइड निम्म्यात थकली. विजेची केबल अजून कप्प्यातच पडली होती! मीटर साडेअकराच्याही खाली दाखवत होता.

पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे ठोकून बसवले. कॅम्पचा विजेचा खांब टेस्टरने तपासला, ब्रेकर बंद ठेवून केबल जोडली, मग चालू केला. बॅटरी चार्ज होईपर्यंत गाडीजवळ कुणालाही फिरकू दिलं नाही. पाऊण तासाने स्लाइड एका दमात आत गेली. मग मागचे जॅक थोडे थोडे उतरवले. चाकं टेकता टेकता गाडी इंचभर मागे सरकली, ठोकळे करकरले. गृहस्थांचा चेहरा तेव्हा उतरला. त्याआधी मी कितीही समजावलं तरी नाही.

मग गाडी पुढे घेतली. मागच्या चाकांच्या जागी जाड फळ्यांचे दोन थर रचले, जोडचाकातले दोन्ही टायर पुरते मावतील एवढे रुंद. एकच टायर फळीवर आणि दुसरा लोंबकळता, असं लोक सर्रास करतात. त्यात फळीवरचा टायर मरतो. गाडी फळ्यांवर चढवली, जॅकखाली चौकोनी पाट ठेवले, आधी पुढची जोडी आणि मग मागची असं हाताने लेव्हल केलं. चाकं जमिनीवर ठेवायची तर थोडा कल राहणारच होता.

"बुडबुडा मध्ये नाहीय," गृहस्थ. त्यांना धास्ती फ्रिजची. अमोनियावर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज. त्यातलं द्रावण आपल्या वजनाने खाली वाहतं. गाडी फार कलली तर ते साचतं, जास्त तापतं आणि कूलिंग युनिट कायमचं जातं. पण आत चालताना तुमचा तोल जात नसेल, तर बहुधा फ्रिजचंही भागतं. हे पटायला त्यांना वेळ लागला. बाईंना लगेच पटलं, त्या आत जाऊन चार पावलं चालून आल्या आणि म्हणाल्या, "झालं की!"

स्लाइडचं बटण दाबण्याआधी मी दोघांना बाहेर फिरवलं. कॅम्पचं लाकडी टेबल नेमकं स्लाइडच्या वाटेत होतं. तिघांनी मिळून ते सरकवलं.

निघताना सांगितलं, 7,000 फुटांवर आहात, रात्री पाणी गोठतं, पाइप काढून ठेवा. सकाळी सातला त्यांचा फोन : नळाला पाणी नाही. म्हटलं, पाइप सोडवून उन्हात टाका, दहापर्यंत सुटेल. त्याचं बिल लावलं नाही.