फायबर मारा

तळेऱ्याला एका हार्डवेअरच्या दुकानात तांब्याचे खिळे मागितले, तर मालकाने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, कशाला? म्हटलं होडीला. "लाकडाची?" हो, लाकडाची. मग तो काउंटरवरून थोडा पुढे वाकला आणि अगदी घरच्या माणसासारखं म्हणाला, "त्यापेक्षा फायबर मारा ना. कायमची कटकट गेली." भर दुपार, बाहेर ऊन मी म्हणतंय, एसटीची वाट बघणारे तीनचार जण सावलीला दुकानात येऊन थांबलेले, त्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाला विषय उशिरा कळला, कळल्यावर त्यानेही डोलावली.

फायबर मारणं म्हणजे लाकडावर काचतंतूची मॅट रेझीनने चिकटवून वर कडक थर चढवायचा. हा सल्ला काही नवीन नाही. मेव्हणा भेटला की म्हणतो फायबर मार. आमच्या बँकेतला शिपाई साताऱ्याकडचा, त्याने होडी बघितलीय ती महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर, भाड्याची, तोही म्हणतो साहेब, फायबर मारून घ्या. बरं यातल्या कुणीही स्वतः कधी फायबर मारलेलं नाही, पण या देशात गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गुडघेदुखी आणि लाकडी होडी या तीन गोष्टींवर सल्ला द्यायला अनुभव लागत नाही.

आणि माझं फायबरशी वैर आहे असंही नाही. विजयदुर्गापासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदरात उभे राहा, फायबरच्या होड्या दिसतात, आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी लाकूड कुरवाळत का बसावं? मी जिच्याबद्दल बोलतोय ती होडी मला ज्याने विकली, त्याने फायबरची घेतली म्हणूनच विकली. मी कुठे पोटासाठी मासे मारतो? शनिवारी बँक सुटली की कोल्हापूरहून गगनबावड्यावरून घाट उतरायचा, रविवारी वाघोटणच्या खाडीत गरवायला बसायचं, चार शेंगट्या, नशीब जोरावर असेल तर एखादी तांबोशी, संध्याकाळी पुन्हा घाट चढायचा. त्यातही अर्ध्या रविवारी होडी पाण्यात नसतेच, माडांखाली ओंडक्यांवर चढवलेली असते आणि मी तिच्या पोटाखाली उताणा पडून कायतरी खरवडत असतो. बायको म्हणते हे मासेमारी नव्हे, हे गॅरेज आहे. आता यातली कायमची कटकट गेली तर मी रविवारी करायचं काय, असा माझा साधा प्रश्न आहे, पण तो एसटीची वाट बघणाऱ्यांपुढे कसा मांडणार.

तर तांब्याचे खिळे मिळाले नाहीत, जीआयचे घ्या म्हणाला. जीआयचे घेत नाही मी. वरचं जस्त असतं तोवर ठीक, ते गेलं की आत लोखंडच की. आणि लोखंड खाऱ्या पाण्यात नुसतं गंजलं असतं तरी चाललं असतं, ते गंजून फुगतं आणि भोवतीचं लाकूड फोडतं. फळी वरून ठणठणीत आणि खिळ्याच्या डोक्याभोवती काळा डाग, असं दिसलं की समजायचं आत काय चाललंय. मेस्त्रीकाका अशा डागाजवळ टोच्या टेकवतात, हलकाच दाबतात आणि तो लोण्यात गेल्यासारखा आत जातो, मग माझ्याकडे बघतात. बोलत नाहीत. नंतर बोटाच्या पेराने फळी वाजवत पुढे सरकतात आणि जिथे आवाज बदलतो तिथे खडूची रेघ मारून, "हयसून थयपर्यंत गेली."

मेस्त्रीकाका आमच्या वाडीतले, सत्तरीच्या पुढचे. होडीचं काम येणारं आता आमच्या बाजूला त्यांच्याशिवाय मला तरी कुणी माहीत नाही. मुलगा चांगला सुतार आहे पण तो स्लायडिंगच्या खिडक्या बसवतो, त्यात पैसे आहेत, आणि बापाला होडीवर मदत करायला बोलावलं की मोबाईल कानाला लावून निघून जातो. त्यामुळे मदतनीस मी. माझ्याकडे कापसाच्या वाती वळायचं काम असतं. फळ्यांच्या सांध्यात जी फट असते तिच्यात कापसाची लांब वात घालून ती बोथट छिन्नीने ठोकत ठोकत आत बसवायची, आणि वरून तेलात उकळलेली राळ भरायची. ऐकायला सोपं आहे. माझी वात कुठे जाड कुठे बारीक होते, काका ती उचलून बघतात आणि म्हणतात, "ही देवळात दी." त्यांनी ठोकायला घेतलं की मी बघत बसतो, खरं म्हणजे ऐकत बसतो, कारण फट पोकळ असते तोवर हातोडीचा आवाज बद्द येतो आणि भरत आली की एकदम कडक होतो, तिथे ते थांबतात. आणखी दोन ठोके घातले तर काय होईल असं मी विचारलं तर म्हणाले, लाकडाक फुगाक जागा नको? लाकूड पाण्यात गेल्यावर फुगणार, फुगून कापूस आवळणार, तेव्हा फट खरी बंद होणार. सगळं आपणच ठासून भरलं तर फुगताना फळ्याच एकमेकींना ढकलतात.

म्हणूनच तर पहिल्या दिवशी होडी पाणी घेते. घेणारच. आम्ही तर मुद्दाम काठाला आणून तिच्यात पाणी भरून ठेवतो, दोन रात्री तशीच, निम्मी बुडलेली. दरवर्षी रस्त्यावरून जाणारा कुणीतरी धावत येतो, अहो तुमची होडी बुडतेय! आता त्याला सांगायचं की बुडवलीच आहे, तर तो आपल्याकडे असा बघतो की पुन्हा तेच येणार, फायबर.

आजोबांच्या होडीला खिळेच नव्हते, तांब्याचे पण नाहीत. काथ्याने शिवलेली होती ती, फळ्यांना भोकं पाडून सुंभाने टाके घातलेले, एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळायला बाहेर बांधलेला ओंडका. मे महिन्यात आम्ही पोरं मुंबईहून गेलो की ती उपडी घातलेली असायची आणि रात्रीचं जेवण झालं की आमच्यातल्या एकाला कंदील घेऊन तिच्याखाली सरकायला लागायचं. बाहेर काळोख, आजोबा हातात खडू घेऊन बसलेले. फळ्यांच्या फटीतून जिथे जिथे उजेड बाहेर दिसेल तिथे ते खुणा करणार. "फुडे सर. वायच मागे. हाल नको." आत रॉकेलचा वास, डास, आणि डोक्याच्या वर चार बोटांवर लाकूड. बाहेर चुलत भावंडं भुताच्या गोष्टी सांगतायत त्या अर्ध्याच ऐकू येतायत, त्यामुळे जास्त भयानक. एकदा तर धाकटा चुलत भाऊ आत चक्क झोपला आणि आजोबा बराच वेळ एकाच ठिकाणी खुणा करत बसले. दुसऱ्या दिवशी सगळी होडी खडूच्या ठिपक्यांनी भरलेली, जणू रांगोळीच.

मग तेल. काजूच्या बियांच्या टरफलाचं तेल चोळायचे, नारळाच्या सोडणाने. आम्हाला सक्त ताकीद होती हात लावायचा नाही, आणि लावायचा नाही म्हटल्यावर लावणं आलंच. काजू भाजताना जे उडतं तेच ते, बोटांवर फोड यायचे आणि मग खोबरेल लावून, रडत, त्याच बोटांनी आंबे खायचे. काही घरी मोरीचं तेल वापरायचे, माशाचं. आमच्या आजीने ते घराच्या आसपास येऊ दिलं नाही, ती म्हणायची होडी टिकेल पण माणसं घरात राहणार नाहीत.

आणि तिथी! आजोबांना तारीख कधी माहीत नसायची. आज काय, तर पंचमी. मग आमची परीक्षा, पाच पाऊण? पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, वद्यात पुन्हा एकपासून सुरू. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो पण खाडीत तेवढं चालतं. शाळेत पाऊणकी कुणी शिकवली नाही आम्हाला, ती तिथे पडवीत बसून आली. आता माझ्या फोनवर भरतीची वेळ मिनिटासकट येते, तरी मी आधी मनात पाऊणपट करून बघतो आणि ॲपचं चुकलं का ते तपासतो.

कुठे होतो? हां, खरवडणं. बुडाला चिकटलेली कालवं खरवडून काढायची, त्याचं काही वाटत नाही, ती दिसतात तरी. भीती असते ती लाकूड पोखरणाऱ्याची. किडा म्हणतात पण तो किडा नाहीच, शिंपल्याच्याच जातीतला प्राणी आहे, लहानपणी फळीत शिरतो तेव्हा बाहेर टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि मग आयुष्यभर आतल्या आत बोगदे. वरून रंग लावलेली झकास फळी आणि हातात घेऊन वाकवली की बिस्किटासारखा तुकडा. त्याला गोडं पाणी सोसत नाही, सुकवलेलं लाकूड सोसत नाही, आग तर नाहीच नाही, म्हणून सुक्या झावळ्यांच्या चुडी पेटवून बुड शेकतात. जाळायचं नाही, शेकायचं. मेस्त्रीकाका चूड घेऊन फिरतात तेव्हा मी बादली घेऊन मागे, आणि त्यांनी एवढ्या वर्षांत ती बादली एकदाही मागितलेली नाही.

विजयदुर्गाच्या जरा आत, आमच्याच खाडीत, मराठा आरमाराची जुनी गोदी आहे, खडक फोडून केलेली. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला पाणी उतरलं की बुड उघडं, करा काय करायचं ते. पाहुणे आले की मी त्यांना किल्ल्याच्या आधी तिथे नेतो. ते म्हणतात, इथे तर काहीच नाही. नाहीच आहे, एक मोठा रिकामा खड्डा आहे, पण तिथे उभं राहिलं की मला भारी बरं वाटतं, की एवढं मोठं आरमार होतं त्यांनाही वर्षातून कधीतरी जहाज बाहेर काढून खरवडत बसायला लागत होतंच. त्यांना कोण म्हणालं असेल फायबर मारा?

गेल्या वर्षी मला एक भक्कम मुद्दा मिळाला होता. नौदलाने काथ्याने शिवलेलं अख्खं जहाज करून घेतलं, अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, गोव्यात बांधलं, केरळच्या कारागिरांनी शिवलं, 2025 च्या मे महिन्यात कारवारला त्याचं नाव ठेवलं कौंडिण्य, आणि पुढे ते पोरबंदरहून मस्कतला निघालं. मी तो व्हिडिओ मेव्हण्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, त्यांच्याकडे नेव्ही आहे, तुझ्याकडे मेस्त्रीकाका आहेत.

हे खरंय. आणि यंदा तर मेस्त्रीकाकाच म्हणाले.

म्हणजे फायबर मार असं नाही म्हणाले. दोन फळ्या बदलायच्या ठरल्या, साग परवडत नाही म्हणून उंडीच्या बघू म्हणालो, आणि ते खाली बसून बिडी शिलगावताना सहज म्हणाले, "तुका ही होडी किती वर्सां व्हयी ता आधी सांग." मला वाटलं थट्टा करतायत. तर नाही, त्यांना हिशोबासाठी पाहिजे होतं. दोनतीन वर्षं हवी असतील तर फळ्या बदलून, कापूस भरून भागेल. दहा हवी असतील तर अर्धं बुड उकलायला लागेल, आणि ते त्यांच्याच्याने आता होणार नाही. आणि त्याहून जास्त हवी असतील तर लाकूड उन्हाळाभर चांगलं सुकवून, मुलाच्या ओळखीचा एक आहे देवगडला, तो मॅट आणि रेझीन घेऊन येईल. ओल्यावर मारलं तर आतल्या आत कुजतं, आणि एकदा मारलं की मग कापूस नाही, राळ नाही, फट दिसतच नाही.

किती वर्षं. माझा उजवा खांदा आत्ताच वल्हं मारताना बोलतो. पोरगी बंगळुरूला, तिला मासे आवडतात पण ॲपवरून साफ करून येतात ते. मी बराच वेळ काही बोललो नाही, ते बिडी ओढत राहिले, त्यांना काही घाई नव्हती.

याच महिन्यात एक रिसॉर्टवाला येऊन गेलाय, खाडीच्या तोंडाला नवीन झालंय ते. तुम्ही बघितल्या असतील या होड्या, गेटच्या बाजूला आडव्या ठेवलेल्या, पिवळ्याधमक रंगवलेल्या, पोटात माती भरून फुलझाडं, नाहीतर बुफेला मधोमध ठेवून तिच्यात सॅलड. मला त्यांचा मनस्वी राग येतो, मी अशा ठिकाणी जेवतही नाही. तो म्हणाला, काका रिपेअरिंग काही करू नका, आहे तशीच पाहिजे, तुटकी जास्त चांगली दिसते. आणि जो आकडा सांगितला तो मी तिच्यावर आजवर केलेल्या खर्चापेक्षा बराच जास्त होता. त्याला मी नाही म्हणून सांगितलं, जरा तोडूनच सांगितलं.

मेस्त्रीकाकांना म्हटलं दोन फळ्या बदलू, यंदाचं यंदा बघू. रिसॉर्टवाल्याचा नंबर मात्र सेव्ह करून ठेवलाय. का ठेवलाय, ते विचारू नका.