पापणी फक्त संध्याकाळी पडायची : माझा अनुभव

माझा आजार सकाळी दिसत नव्हता, आणि दवाखाने सकाळीच चालतात. निदानाला उशीर झाला तो मुख्यतः यामुळे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हिंगणघाट तालुक्यात आमचं गाव. शेतात कापूस आणि तूर, घरी माझं शिवणकाम. पोळा झाला की ब्लाऊज शिवायला येऊ लागतात ते दिवाळीपर्यंत हात रिकामा राहत नाही. त्याच दिवसांत दिवेलागणीला मशीनवर बसले की एका सुईच्या दोन सुया दिसायला लागल्या. एक जागेवर, दुसरी जरा वर आणि तिरकी. टीप सरळ जाईना. डावी पापणी जड होऊन पार बाहुलीपर्यंत खाली यायची. सासूबाई विचारायच्या, "काय वं, झोप नाही झाली का तुही?" आणि खरोखर, रात्रभर झोपून उठलं की पापणी जागच्या जागी आणि सुई एकच.

सल्ले भरपूर मिळाले. चष्म्याचा नंबर बदलून झाला, अशक्तपणाची इंजेक्शनं घेऊन झाली. कोणी म्हणालं हा लकवा आहे, अमुक गावी औषध मिळतं. ते मला पटलं नाही, कारण शेजारच्या काकूंना तोंडाचा लकवा झालेला मी जवळून पाहिला होता. त्यांचा डोळा मिटतच नव्हता, झोपेतही उघडा राहायचा. माझं नेमकं उलट होतं. डोळा मिटायची नस वेगळी आणि पापणी उचलायची वेगळी, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं.

तालुक्याला एका दवाखान्यात गेले तर सकाळच्या एसटीने पोहोचेपर्यंत मी ठणठणीत. डॉक्टरांनी टॉर्च मारला, बोट फिरवलं, "काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणाले. घरी येऊन स्वयंपाकाला लागले आणि पापणी पुन्हा खाली.

शेवटी माझ्या मुलीने मोबाईल काढला. सकाळी चहाच्या वेळी एक व्हिडिओ आणि दिवसभर मशीन चालवल्यावर रात्री एक. चेहरा सरळ, मान न हलवता आधी समोर, मग उजवीकडे, डावीकडे, वर बघायचं. वेळ मोबाईलमध्ये आपोआप नोंदली जाते. हे दोन व्हिडिओ घेऊन आम्ही सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी व्हिडिओ बघायच्या आधीच विचारलं, "जमिनीवर झोपता का? साप चावल्यासारखं काही?" मी चमकले. त्यांनी समजावलं की आपल्या भागात दोन्ही पापण्या एकाएकी पडल्या तर आधी मण्यार आठवायचा. तो रात्री झोपेत चावतो, दुखत नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या उचलत नाहीत, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडकतो. असा माणूस "झोपेत आहे" म्हणून घरी ठेवायचा नसतो, तडक दवाखान्यात न्यायचा. दुसरा प्रश्न फवारणीचा. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, त्यामुळे हा प्रश्न मला मुळीच जास्तीचा वाटला नाही.

मग त्यांनी बाहुल्या पाहिल्या. दोन्ही सारख्या, उजेडात नीट आक्रसणाऱ्या. याला त्यांनी फार महत्त्व दिलं. एक पापणी अचानक पडली, त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली, डोळा बाहेर आणि खाली वळला आणि डोकं ठणकायला लागलं, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा पापणी उचलणाऱ्या नसेवर दाबत असू शकतो. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी स्कॅन. मधुमेहातही ही नस अडते, पण त्यात बाहुली बहुतेक वेळा शाबूत राहते. आणि पापणी थोडीशीच पडलेली, त्या बाजूची बाहुली लहान असेल तर तो आणखी वेगळा आजार, त्यात मान आणि छातीही तपासतात.

"एक डोळा झाकला की दुसरी सुई जाते का?" हाही प्रश्न आला. जात होती, कोणताही डोळा झाकला तरी. एका डोळ्यानेच दोन दिसत असतील तर दोष बहुधा त्या डोळ्यातच असतो, मोतीबिंदू किंवा नंबर. दोन्ही उघडे असतानाच दोन दिसत असतील तर डोळे एकत्र वळत नाहीत, म्हणजे नसा किंवा स्नायू बघायचे.

त्यानंतर त्यांनी मला छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात डावी पापणी हळूहळू सरकत खाली आली. सकाळची वेळ होती, तरीही! त्यांनी मिलिमीटरच्या पट्टीने डोळ्याची फट मोजली. रबरी हातमोज्यात बर्फ भरून, मिटलेल्या पापणीवर कापडातून दोन मिनिटं धरला. काढल्याबरोबर पुन्हा पट्टी लावली. फट तीन मिलिमीटरने वाढली होती. मी शिवणारी बाई, तीन मिलिमीटर म्हणजे किती ते मला सांगावं लागत नाही. सोबत आलेले आमचे हे तर बघतच राहिले.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. नस स्नायूला ज्या रसायनाने निरोप देते ते घेणाऱ्या जागा शरीराच्याच प्रतिपिंडांनी, म्हणजे एरवी रोगजंतूंशी लढणाऱ्या द्रव्यांनी, अडवलेल्या असतात. लाईट कमी दाबाने आली की विहिरीवरची मोटर सुरुवातीला थोडं पाणी फेकते आणि मग बसते, तसं हे. म्हणून विश्रांतीने बरं वाटतं आणि वापराने वाढतं. थंडीत ते रसायन सावकाश विरतं, म्हणून बर्फाने पापणी उचलली.

पुढच्या तपासण्या नागपूरला झाल्या. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा मी घाबरले. पण आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर साधारण निम्म्याच लोकांत ती पॉझिटिव्ह येते, असं न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, सांगितलं. मग चेहऱ्यावर बारीक शॉक देऊन तपासणी. ती चावते, पण सोसते. थायरॉईडची तपासणी झाली. छातीचा सीटी स्कॅनही लागतोच, कारण छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांना गाठ सापडते. मला नव्हती.

पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेतल्यावर तासाभरात पापणी वर येते आणि तीन-चार तास टिकते. पोटात मुरडा येतो, म्हणून मी काही खाऊनच घेते. दोन दिसणं मात्र तिने पुरतं गेलं नाही, त्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या कमी मात्रेत सुरू झाल्या, साखर तपासत तपासत. त्या लागू पडेपर्यंत चष्म्याच्या एका काचेवर कागदी चिकटपट्टी लावून मी टिपा मारल्या. हा उपाय फुकटचा आणि कोणालाही जमणारा.

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत बसल्या बसल्या मी इतरांचे डोळे बघू लागले. एका मावशींचे दोन्ही डोळे उन्हात घट्ट मिटून जात, उघडता उघडत नसत. त्यांना तर वर्षानुवर्षं डोळ्यांत थेंबच दिले होते. तो मिटणाऱ्या स्नायूचा आखडा, त्याला पापण्यांभोवती बोटॉक्सची इंजेक्शनं देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात. मधुमेह असलेल्या एका काकांचा डोळा बाहेरच्या बाजूला वळतच नव्हता, दूरचं बघताना जास्त दोन दिसायचं. मधुमेहाने झालेलं हे बहुधा काही महिन्यांत आपोआप सुधारतं. पापणी आणि डोळा यांचे इतके प्रकार असताना गावात सगळ्यांना एकच नाव मिळतं, लकवा, याचं मला फार वाईट वाटतं.

डोळ्यांपुरता आजार अंगभर पसरायचा असेल तर बहुतेकांत पहिल्या दोन वर्षांत पसरतो. म्हणून घरच्यांकडून काही गोष्टी पाठ करून घेतल्या आहेत. घास अडकणं, बोलता बोलता आवाज नाकातून येणं, आडवं झाल्यावर दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी मोठा दवाखाना.

आणि औषधांची यादी. साध्या तापाला, जुलाबाला मिळणारी काही अँटिबायोटिक्स या आजारात स्नायू आणखी ढिले करू शकतात. सिप्रोफ्लोक्सासिन, अझिथ्रोमायसिन आणि जेंटामायसिन त्यातच येतात. मलेरियाची क्लोरोक्विन, मॅग्नेशियमचं इंजेक्शन, रक्तदाबाच्या काही गोळ्याही. ती यादी लॅमिनेट करून एक माझ्या पर्समध्ये, एक मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, आणि एक गावातल्या डॉक्टरांना नेऊन दिली. त्यांनी ती काचेखाली लावून घेतली.