टन, किलोमीटर आणि एमएलडी : ठेका कशावर मोजला जातो, ते आधी बघा

महापालिकेने काम खासगी कंपनीला दिलं की नाशकात चर्चा दोनच गोष्टींची होते. ठेका कोणाला मिळाला आणि किती कोटींचा. करारनाम्यातलं ‘देयक’ नावाचं कलम मात्र फारसं कोणी उघडत नाही. खरं तर पुढची पाच-दहा वर्षं शहराला काय मिळणार, हे तिथंच ठरून गेलेलं असतं. ठेकेदाराला ज्याचे पैसे मिळतात ते तो करतो. ज्याचे मिळत नाहीत ते करत नाही. त्यात वाईट माणूस असण्याची गरज नसते.

घंटागाडी घ्या. कचरा उचलण्याचं बिल टनावर काढायचं ठरलं, तर वजन वाढवणं हाच धंदा होतो. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला गाडीत कप्पे लागतात, माणूस लागतो, वेळ लागतो आणि वजन मात्र एक किलोही वाढत नाही. उलट बांधकामाचा राडारोडा, गटारातली माती, झाडांच्या ओल्या फांद्या भराभर वजन देतात. समजा दोन टनांच्या खेपेत दीडशे किलो माती गेली. दोनशे खेपांमागे ती रोज ३० टन होते, आणि बिल त्या मातीचंही निघतं. पावसाळ्यात तर मातीही लागत नाही, पाणी फुकट असतं.

यावर उपाय आहेत, फार अवघडही नाहीत. वजनकाट्यावर भरलेल्या गाडीइतकंच रिकाम्या गाडीचं वजनही प्रत्येक खेपेला घ्यायचं. महिन्यापूर्वीचं रिकामं वजन संगणकात साठवून तेच वापरलं, तर पाण्याची टाकी, जादा माणसं, तळाला साचलेला चिखल सगळं कचरा म्हणून मोजलं जातं. काट्याची पावती गाडीच्या जीपीएसशी जुळवायची. गाडी सिडकोतल्या गल्ल्या फिरलीच नसेल आणि काट्यावर भरून उभी असेल, तर तो कचरा कुठला? आणि बिलाचे दोन भाग करायचे : अर्धं वजनावर, अर्धं किती घरांचा कचरा उचलला त्यावर. घरांची नोंद आरएफआयडी टॅगवरून (दारावर लावलेली, यंत्राने दुरून वाचता येणारी चिप) घ्यायची असेल, तर आठवड्यातून एकदा स्वच्छता निरीक्षकाने पाच-पन्नास घरी जाऊन खात्री करायलाच हवी. टॅग गेटवर एकत्र लावून एकदमच स्कॅन करण्याची युक्ती सगळ्यांनाच सुचते.

हाच कचरा पुढे पाथर्डीच्या खत प्रकल्पाकडे जातो आणि तिथे गंमत आहे. गोळा करणाऱ्याचं बिल आणि प्रक्रिया करणाऱ्याचं बिल दोन्ही जर आवक टनांवर असतील, तर एकाच काट्यावरून दोन बिलं निघतात. वजन कमी व्हावं असं वाटणारा तिथे फक्त करदाता, आणि तो काट्यावर उभा नसतो. म्हणून प्रक्रियेचं बिल आवकेवर न काढता जावकेवर काढावं, असं माझं ठाम मत आहे : किती खत विकलं गेलं, किती आरडीएफ (सुक्या कचऱ्यापासून केलेलं इंधन) सिमेंट कारखान्याने स्वीकारलं, किती उरलं ते गाडायला गेलं. मिश्र कचऱ्याच्या १०० टनांतून १५ टनांच्या आसपास खत निघतं. कोणी ४० टन सांगत असेल तर ते खत नव्हे, चाळलेली माती.

खताची प्रक्रिया साधी आहे, शिस्त मात्र लागते. दोनेक मीटर उंचीचे लांब ढीग, आत ५५ अंशांच्या वर तापमान, ओलावा पन्नास-साठ टक्के, दर आठवड्याला पलटी, चार-पाच आठवड्यांनी चाळणी. विक्रीच्या शहरी खतात ओलावा १५ ते २५ टक्के आणि ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा, हे केंद्राच्या खत नियंत्रण आदेशातलं प्रमाण. जूनमध्ये ढिगांवर छप्पर नसेल तर आतली हवा संपते, ढीग सडतो, काळं पाणी सुटतं आणि वास थेट वस्तीत. तक्रार आल्यावर कंपनी म्हणते, तुम्ही मिश्र कचरा पाठवता. महापालिका म्हणते, तुम्ही पलटी मारत नाही. बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं. विल्होळीला हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज काढायचा प्रकल्प जर्मन मदतीने उभा राहिला. त्याचं इंधनच मुळी वेगळा केलेला कचरा आहे. करारात महापालिकेने ठरावीक प्रतीचा माल पुरवायची हमी दिलेली असते, ती पाळली नाही की कंपनीच्या हाती आयता दावा पडतो. ठेक्यात सरकारचीही कर्तव्यं असतात, ही गोष्ट आपण विसरतो.

आता बस. महापालिकेची शहर बससेवा सिटीलिंक ८ जुलै २०२१ ला सुरू झाली. तिचा नमुना ‘ग्रॉस कॉस्ट’. बस, चालक, देखभाल, इंधन ठेकेदाराचं. तिकिटाचे पैसे महापालिकेच्या परिवहन महामंडळाचे. ठेकेदाराला प्रति किलोमीटर दर. बस रिकामी धावली तरी त्याला दर मिळतो. म्हणून तो प्रवाशांसाठी इतर बसशी शर्यत लावत नाही, कमी गर्दीच्या मार्गावरही बस जाते. हा या नमुन्याचा खरा फायदा. तोटा सगळा महापालिकेच्या अंगावर.

आकडे समजण्यापुरते धरू. दर ७० रुपये, तिकिटाचं उत्पन्न किलोमीटरला ४० रुपये, २०० बस, प्रत्येकी रोज २०० किलोमीटर. किलोमीटरमागे ३० रुपये तूट म्हणजे दिवसाला १२ लाख, महिन्याला ३ कोटी ६० लाख. ही रक्कम अंदाजपत्रकात वेगळी ठेवली नसेल, तर बिल अडकतं. बिल अडकलं की ठेकेदार पहिल्यांदा पगार अडवतो, कारण बँकेचा हप्ता आणि सीएनजीचा पंप थांबत नाहीत. पगार अडला की वाहक-चालक काम बंद करतात आणि सकाळी निमाणीच्या थांब्यावर कॉलेजची पोरं उभी. नाशिककरांनी हे एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. त्यावर ‘कामगारांची अरेरावी’ म्हणणारे बिलाची तारीख बघत नाहीत.

खरं तर वाट मोकळी आहे. कंत्राटी कामगाराचा पगार ठेकेदाराने थकवला, तर मूळ मालकाने, म्हणजे काम देणाऱ्याने, तो द्यावा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करावा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. त्यासाठी करारातच लिहून ठेवायचं : पगार जमा झाल्याचं बँकेचं विवरण आणि भविष्य निर्वाह निधीचं चलन जोडल्याशिवाय पुढचं बिल नाही. शिवाय दोन महिन्यांच्या तुटीइतकी रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच पैसे सुटणाऱ्या बँक खात्यात, जिथून पगाराचा हिस्सा आधी सुटेल. आणखी एक बारकावा ‘हमी किलोमीटर’चा. समजा करारात रोज २०० लिहिले आणि मार्ग १६० चेच आखले, तर न धावलेल्या ४० किलोमीटरचेही पैसे, कमी दराने का होईना, द्यावे लागतात. डेपो ते पहिल्या थांब्यापर्यंतचं रिकामं अंतर मोजायचं की नाही, हेही आधीच लिहिलेलं बरं. डेपो तपोवनात आणि मार्ग सातपूरला असेल, तर हा खर्च छोटा राहत नाही.

सर्वांत फसवं मोजमाप एमएलडीचं, म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटर मलजल शुद्ध केलं त्याचं. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांवरून गोदावरीची तब्येत ठरते. चालवण्याच्या खर्चात वीज मोठी, त्यातही हवा देणारे ब्लोअर. नुसत्या प्रवाहावर पैसे असतील, तर ब्लोअर रात्री बंद ठेवणं ही शुद्ध बचत. नमुना दुपारी १२ ला एकदाच घेतला तर अहवालही छान येतो. म्हणून नमुना २४ तासांचा मिश्र हवा, आणि ब्लोअरच्या वीजमीटरचं वाचन प्रवाहाच्या नोंदीशेजारी ठेवून बघायला हवं. पाणी वाढलं आणि युनिट घटले, तर विचारा.

त्याहून सोपी खूण गाळ. १० एमएलडीच्या केंद्रात लिटरमागे २०० मिलिग्रॅम बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) काढला, तर दिवसाला २,००० किलो होतो. त्यातून साधारण १,२०० ते २,००० किलो कोरडा गाळ तयार व्हायला हवा. पिळून वीस टक्के घट्ट केल्यावर तो ६ ते १० टन. रोज एवढा गाळ ट्रकने बाहेर पडत नसेल, तर तो नदीवाटेच जातोय. सेन्सरपेक्षा गाळाच्या ट्रकची नोंद बघावी. तिच्यात खोटं करायला जास्त मेहनत पडते.

नमामि गंगेत वापरलेला ‘हायब्रीड अॅन्युइटी’ नमुना मला या कामासाठी बरा वाटतो. बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम, उरलेली ६० टक्के पंधरा वर्षांत हप्त्यांनी, आणि हप्ता शुद्धतेच्या निकालाशी बांधलेला. बांधून पळून जाता येत नाही. मात्र हप्ता पंधरा वर्षं द्यायचा आहे, हे पहिल्या वर्षीच्या उद्घाटनात आठवत नाही.

मोकळ्या आरक्षित जागा ‘समावेशक आरक्षणा’खाली (बिल्डरने सार्वजनिक इमारत बांधून द्यायची, उरलेली जागा स्वतः वापरायची) बिल्डरकडून विकसित करून घेताना गडबड वेगळी असते. इमारत फुकट मिळते, ती चालवायचा पैसा कोणीच धरलेला नसतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) झालेल्या वाहतूक बेटांचंही तेच : कारंजं बसतं, मोटर जळल्यावर बदलत नाही.

सिंहस्थासाठी आता भराभर ठेके निघत आहेत. तिथे एकच गोष्ट तपासून बघावी. फिरती शौचालयं ‘बसवलेल्या’ सीटवर घेतली आहेत, की ‘दर चार तासांनी साफ केलेल्या’ सीटवर? पर्वणीच्या दिवशी पाणी आणि उपसा नसलेली सीट नसल्यात जमा, पण पहिल्या प्रकारात तिचंही बिल निघतं.

माहिती अधिकारात मागायचं असेल तर नुसता करारनामा मागू नका, तो तीनशे पानांचा येईल. चार कागद पुरतात : देयकाचं कलम, मागच्या तीन महिन्यांची बिलं सहपत्रांसकट, मोजणी पुस्तक आणि दंडाची नोंदवही. शेवटची सर्वांत आधी उघडा. ती कोरी असेल, तर काम इतकं चांगलं चाललंय का, की मोजायला कोणी गेलंच नाही, हे बाकीच्या तिन्हींतून कळतं.