एक जूनची गर्दी

पेपर हातात आला की मी अग्रलेखाच्या आधी दिनविशेष वाचतो. राशिभविष्याशेजारी बोटभर जागेत तो कोंबलेला असतो आणि लग्नाच्या पंगतीत मिळेल त्या पाटावर बसलेल्या पाहुण्यांसारखी त्यातली माणसं एकमेकांना मुळीच ओळखत नसतात. २२ जून घ्या. हिटलरची रशियावर चढाई (१९४१), सुभाषबाबूंचा फॉरवर्ड ब्लॉक (१९३९) आणि आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीत प्लेग कमिशनर रँडवर झाडलेली गोळी (१८९७).

यातल्या पहिल्या दोन घटना एका तारखेला आल्या त्या निव्वळ योगायोगानं. गणेशखिंडीतली तारीख मात्र चापेकर बंधूंनी हेरून ठेवली होती. प्लेगच्या बंदोबस्तात रँडच्या लोकांनी घराघरांत घुसून जे केलं त्याचा राग शहरात धुमसत होता. त्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी गव्हर्नरच्या बंगल्यात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत होती. रँडची बग्गी परतीला याच रस्त्यानं जाणार हे उघड होतं. ‘गोंद्या आला रे’ ही खूण ठरलेली. दामोदरपंतांनी रँडवर गोळी झाडली, बाळकृष्णांनी मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. त्यामुळे दिनविशेषात रँड कधी २२ जूनला भेटतो, कधी ३ जुलैला. आता त्या रस्त्यावर संध्याकाळी बग्गी काय, रिक्षासुद्धा इतकी हळू चालते की खूण द्यायला भरपूर सवड मिळाली असती.

मुद्दाम निवडलेल्या तारखा तशा कमीच. २६ जानेवारी त्यातली ठळक. घटना २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारून झाली होती, पण १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या दिवसाचा मान राखायचा म्हणून ती पूर्णपणे अमलात यायला दोन महिने थांबली. मला हे फार आवडतं. एवढ्या मोठ्या देशानं मुहूर्त बघितला, पण पंचांगात नाही, स्वतःच्याच इतिहासात.

बाकी सगळा योगायोग. त्यातला एक इतका नेमका की कादंबरीत लिहिला तर संपादक काट मारेल. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. तारीख तीच, सालही तेच. म्हणून पुण्यात दरवर्षी त्या दिवशी मंडईत टिळकांच्या पुतळ्याला हार पडतात आणि सारसबागेजवळ अण्णाभाऊंच्या. दोन्हीकडची गर्दी वेगळी, घोषणा वेगळ्या. या दोघांनी एकमेकांविषयी काय म्हटलं असतं, असा विचार मी दर एक ऑगस्टला करतो आणि दरवेळी अण्णाभाऊंच्या तोंडी जास्त चुरचुरीत वाक्यं येतात.

तारखेला अर्थ चिकटवायची हौस मात्र आपल्याला दांडगी. पानिपत म्हणे संक्रांतीला झालं, म्हणून ‘संक्रांत कोसळली’! लढाई १४ जानेवारी १७६१ ची हे खरं. पण संक्रांत काही चौदा तारखेला खिळा ठोकून बसवलेली नाही. साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं आधी, पानिपतावर भाऊसाहेब लढत होते तेव्हा, संक्रांत होऊन दोन-तीन दिवस तरी उलटले असणार. तिथी पौष शुद्ध अष्टमी होती, पण अष्टमीची म्हण होत नाही.

माझी सगळ्यांत लाडकी तारीख १ जून. १९३० साली याच दिवशी डेक्कन क्वीन सुरू झाली. दरवर्षी तिचे भक्त पुणे स्टेशनवर तिला हार घालतात, केक कापतात. मग गाडी नेहमीसारखी मुंबईला जाते आणि केक खाल्लेले पासधारक डब्यात जागेवरून नेहमीसारखे भांडतात. १९४८ साली याच दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिचा वाढदिवस मात्र कौतुकात थोडा मागे पडतो; राणीपुढे लाल डबा, दुसरं काय!

आणि एक जूनचे खरे मानकरी आमच्या घरातच आहेत. जून उजाडला की गुरुजी पोरांना शाळेत ओढून आणायचे, आईबापांना जन्मतारीख विचारायचे, त्यांना ठाऊक नसायची. मग पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघायचं आणि दाखल्यावर १ जून ठोकून द्यायचा. महाराष्ट्राची एक अख्खी पिढी अशी एका दिवसात जन्माला आली. एकाच दिवशी सगळे निवृत्त व्हायचे, निरोपसमारंभाला हार कमी पडायचे. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या दिवशी सकाळपासून दोन काका, एक मामा आणि आत्या अशा चौघांना बँका, विमा कंपन्या आणि चष्म्याची दुकानं शुभेच्छा पाठवतात. काका-मामा हात जोडलेलं चित्र टाकून मोकळे होतात. आत्या मात्र प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहिते, बँकेलासुद्धा: ‘आभारी आहे, पण माझा नागपंचमीचा. तेव्हा पुन्हा पाठवावे.’